नवरा एचओएच्या बोर्डावर आहे, मी आर्किटेक्चरल कमिटीवर जाऊ शकते का?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमच्या सबडिव्हिजनमध्ये दोनशेच्या वर घरं आहेत. बिल्डर सगळी घरं विकून कधीच बाहेर पडला, त्यामुळे एचओए, म्हणजे घरमालकांची असोसिएशन, आता पूर्णपणे रहिवाशांच्या हातात आहे. गेल्या निवडणुकीत माझा नवरा बोर्डावर निवडून आला आणि ट्रेझरर झाला. रात्री जेवणं आटोपली की मॅनेजमेंट कंपनीने पाठवलेली बिलं तपासत बसतो. या कामाचे पैसे मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

घराच्या बाहेरून काहीही बदलायचं असेल तर आमच्याकडे आधी आर्किटेक्चरल कमिटीची परवानगी लागते. कुंपण, पॅटिओ, शेड, दाराचा रंग, सगळ्यालाच. कमिटीवर तीन माणसं असतात. त्यातले एक गृहस्थ घर विकून दुसऱ्या गावी गेले आणि जागा रिकामी झाली. प्रेसिडेंट बाईंनी मला विचारलं, कारण मी आर्किटेक्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, इथे लायसन्स घेतलेलं नाही, पण एका फर्ममध्ये ड्रॉइंग्ज करते. मला मनापासून हे काम करायचं आहे, आणि त्याला कारणही आहे.

इथली काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दोन घरांच्या मधून पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला एक उथळ उतार दिलेला असतो, त्याला स्वेल म्हणतात. त्या स्वेलवर कुणी काँक्रीटचा पॅटिओ वाढवला की पाणी अडतं आणि शेजारच्या फाउंडेशनशी मुरत राहतं. मागे आमच्याकडे असाच एक अर्ज पास झाला. नकाशावर लांबी-रुंदी होती, काँक्रीटचा रंग होता, पण पाणी कुठे जाणार हे कुणी विचारलंच नाही. आता शेजारच्या बाईंच्या घराला कोपऱ्यात, विटांच्या सांध्यांमधून वर चढत गेलेली भेग दिसते. मी तो नकाशा नंतर पाहिला. उताराचा बाण काढलेलाच नव्हता. एका बाणाने काम झालं असतं.

तर मागच्या मीटिंगमध्ये माझं नाव निघालं आणि एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "नवरा पैसे सांभाळणार, बायको परवानग्या देणार, मग आम्ही दाद कुणाकडे मागायची?" कुणी काही बोललं नाही. मी तिथेच बसले होते. खरं सांगायचं तर फार लागलं. गेल्या काही महिन्यांत याच लोकांच्या मुलांच्या प्रोजेक्टपासून पर्गोलाच्या (अंगणातल्या उघड्या मांडवाच्या) स्केचपर्यंत मी सगळं करून दिलंय.

माझे प्रश्न असे. याबद्दल काही कायदा आहे का, की हे नुसतं त्या गृहस्थांचं मत आहे? आमच्या बायलॉजमध्ये, म्हणजे असोसिएशनच्या नियमांत, मी शोधलं, नवरा-बायकोबद्दल त्यात एक ओळ नाही. दुसरं म्हणजे, पुढच्या वर्षी मी स्वतः बोर्डासाठी उभी राहिले तर चालेल का, की नवऱ्याने आधी राजीनामा द्यायला हवा?

पारवा

मी नॉर्थ कॅरोलायनात आहे. आमच्या टाउनहोम असोसिएशनमध्ये एक जोडपं बरीच वर्षं सगळं बघायचं. ते सेक्रेटरी, त्या लँडस्केपिंग बघायच्या. कुणाची तक्रार नव्हती, उलट ते गेले तेव्हा मीटिंगला कोरम जमेना. माझं मत विचाराल तर काम करणारी माणसं आधीच मोजकी असतात. त्यात तुमच्यासारखी जाणकार व्यक्ती आपणहून पुढे येतेय, तर नवरा कोण हे बघत बसू नये. तुम्ही जा. त्या गृहस्थांनी स्वतः कमिटीवर यावं, कोण अडवतंय?

दिवेलागण

अंगणवेल, मी टेक्सासमध्येच आहे, ह्यूस्टनच्या बाजूला. बोर्डावर बरीच वर्षं होतो, त्यातला काही काळ प्रेसिडेंट म्हणून. पारवा यांची तळमळ मला समजते, पण त्यांच्या सल्ल्याप्रमाणे गेलात तर तुम्ही, तुमचे यजमान आणि तुमच्या सहीने पास किंवा नापास झालेला प्रत्येक अर्ज, सगळेच अडचणीत येतील. म्हणून सविस्तर लिहितो.

बायलॉजमध्ये ओळ नाही म्हणून नियम नाही, असं नसतं. बायलॉजच्या वर राज्याचा कायदा असतो. टेक्सास प्रॉपर्टी कोडचा चॅप्टर २०९ उघडा. २०२१ साली विधिमंडळाने एसबी १५८८ नावाचं बिल मंजूर केलं आणि १ सप्टेंबर २०२१ पासून त्यातली बरीच कलमं लागू झाली. त्यातलं २०९.००५०५ हे कलम तुमच्यासाठी आहे. आर्किटेक्चरल कमिटीवर तीन प्रकारची माणसं नकोत, असं ते म्हणतं: सध्याचा बोर्ड मेंबर, त्याचा किंवा तिचा जोडीदार, आणि बोर्ड मेंबरच्या घरात राहणारी कुणीही व्यक्ती. हे ४० पेक्षा जास्त लॉट असलेल्या असोसिएशनना लागू आहे आणि बिल्डरच्या ताब्यात असेपर्यंत लागू नाही. तुमची घरं दोनशेच्या वर, बिल्डर गेलेला. म्हणजे तुम्हाला लागू.

तिसरा प्रकार नीट वाचा. तुमचे सासरे तुमच्याकडे राहत असतील आणि आयुष्यभर पीडब्ल्यूडीत इंजिनियर म्हणून काम करून निवृत्त झाले असतील, तरी त्यांनाही नाही. मात्र तुमची सख्खी बहीण दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या घरात राहत असेल, तर या कलमात तिचा उल्लेख नाही. कायद्याने इथे नात्यापेक्षा छप्पर धरलंय.

तुमचा दुसरा प्रश्न बोर्डाचा. तिथे २०९.००५९१ लागतं. एकाच मुख्य घरात एकत्र राहणाऱ्या दोन व्यक्ती एकाच वेळी बोर्डावर बसू शकत नाहीत, लग्न झालेलं असो वा नसो. दहापेक्षा कमी घरांच्या असोसिएशनना यातून सूट आहे, कारण तिथे माणसंच किती असणार. तेव्हा तुम्हाला बोर्डावर यायचं असेल तर यजमानांची जागा आधी मोकळी व्हायला हवी. त्यांची मुदत संपते त्याच निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत आणि तुम्ही राहिलात, तर त्यात काहीच गैर नाही. राजीनामा लागतो तो त्यांची मुदत शिल्लक असताना तुम्हाला यायचं असेल तर.

आता यामागचं कारण. कारण समजलं नाही तर नियम अपमानासारखा वाटतो, आणि तुमच्या लिहिण्यातून तो तसा वाटतोय हे दिसतंय.

कमिटीने अर्ज नाकारला तर मालकाला लेखी कारण द्यावं लागतं, आणि नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत तो बोर्डापुढे सुनावणी मागू शकतो. हेही त्याच कलमात आहे. म्हणजे कमिटी हे खालचं कोर्ट आणि बोर्ड वरचं. आता समजा, तुम्ही एकाचा पॅटिओ नाकारलात, उताराचा बाण नाही म्हणून. अगदी योग्य कारण. तो माणूस सुनावणीला आला आणि समोर तुमचे यजमान बसलेले. ते बाहेर जातील, मत देणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण कमिटीवर तुम्ही कायम आहात, तेव्हा तुमच्याकडून नाकारला गेलेला प्रत्येक अर्ज वर आला की त्यांना उठावं लागणार. अशाने पाचजणांचं बोर्ड निम्मा वेळ चारजणांचं होतं. एखाद्या कंत्राटापुरतं बाजूला होणं वेगळं आणि रोजच्या कामातून बाजूला होणं वेगळं. म्हणूनच नातेवाइकांच्या कंत्राटाला कायद्याने अटी घालून वाट ठेवली आहे. निदान दोन बाहेरच्या निविदा घ्या, संबंधित मेंबरला त्या दाखवू नका, त्याने चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये, वगैरे. कमिटीच्या बाबतीत मात्र सरळ दार बंद.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी बायको आमच्या कमिटीवर होती आणि मी बोर्डावर. तेव्हा २०२१ चा कायदा नव्हता, पण आमच्या बायलॉजमध्ये बोर्डाकडे दाद मागायची सोय होती. एका शेजाऱ्याने कुंपणाला गडद, जवळजवळ काळा स्टेन लावायचा अर्ज केला. आमच्या मार्गदर्शक यादीत तो रंग नव्हता, कमिटीने तिन्ही मतांनी नाकारला. तो बोर्डाकडे आला. मी सुरुवातीलाच सांगितलं की माझी पत्नी कमिटीवर आहे, मी या विषयात बसणार नाही, आणि उठून बाहेर हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो. मिनिट्समध्ये तशी नोंद झाली. उरलेल्यांनीही त्याला नकार दिला. निर्णय बरोबर होता. पण तो माणूस बाहेर आला, माझ्यासमोर थांबला आणि एवढंच म्हणाला, "आत निकाल लागला तो की सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात लागला तो?" त्यानंतर तो एकाही मीटिंगला आला नाही. त्याच्या घरासमोरून जाताना मला दर वेळी वाटायचं की या माणसाला न्याय मिळाला, पण तो मिळाल्यासारखा वाटला नाही, आणि त्याला तसं वाटावं यासाठी माझ्या हातात काहीच नव्हतं. बाहेर जाऊन उभं राहण्यापलीकडे मी काय करणार होतो?

सप्टेंबर २०२१ मध्ये कायदा आला तेव्हा बायकोने कमिटी सोडली. तिला वाईट वाटलं होतं. पण तुमच्या मीटिंगमधल्या गृहस्थांचा प्रश्न आणि आमच्या शेजाऱ्याचा प्रश्न एकच आहे, अंगणवेल. त्यात तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. दार एकच असेल तर दुसऱ्यांदा ठोठवायचं कुठे, एवढंच तो माणूस विचारतोय.

कोनाडा

फ्लोरिडातून. आमच्याकडे रचना थोडी वेगळी आहे, पण दिवेलागण म्हणतात ते सूत्र तेच.

इथे एचओएला दंड करायचा असेल तर बोर्ड एकट्याने करू शकत नाही. बोर्डाने दंड प्रस्तावित करायचा, मालकाला निदान १४ दिवसांची नोटीस द्यायची, आणि मग वेगळी कमिटी सुनावणी घेऊन तो मान्य किंवा अमान्य करते. कमिटीने नाही म्हटलं तर दंड रद्द. इथल्या कायद्याच्या चॅप्टर ७२० प्रमाणे या कमिटीवर किमान तीन माणसं हवीत आणि ती बोर्डातली किंवा पदाधिकाऱ्यांपैकी नसावीत, असोसिएशनच्या नोकरीत नसावीत. शिवाय अशा कुणाचे नवरा, बायको, आईवडील, मूल, भाऊ किंवा बहीणही नसावेत. म्हणजे तुमच्याकडे छप्पर धरलंय, आमच्याकडे एचओएच्या बाबतीत नातं धरलंय. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत असला तरी चालत नाही.

मी या कमिटीवर बसते. कचऱ्याचे डबे रस्त्यावर राहिले, बोट ड्राइव्हवेवर ठेवली, असल्या गोष्टी असतात. ऐकायला किरकोळ, पण समोरच्या माणसाच्या हातात फोटो असतात, डॉक्टरचं पत्र असतं, कुणाची आई आजारी असते. आम्ही बऱ्याचदा दंड अमान्य करतो. बोर्डावरच्या कुणाची बायको माझ्या जागी असती तर तिला ते तितक्या सहज जमलं असतं का? घरी जाऊन त्याच बोर्डवाल्याशेजारी जेवायला बसायचं असतं ना.

काँडोमध्ये, म्हणजे मालकीच्या फ्लॅटमध्ये, राहत असाल तर आणखी एक नियम. दहापेक्षा जास्त युनिटच्या काँडो असोसिएशनमध्ये एकाच युनिटचे सहमालक एकाच वेळी बोर्डावर नसावेत. अपवाद दोन: त्यांची एकापेक्षा जास्त युनिट्स असतील, किंवा रिकाम्या जागा भरायला पुरेसे पात्र उमेदवारच नसतील. पारवा यांचा मुद्दा कायद्याने इथे ऐकून घेतलाय, पण शेवटचा उपाय म्हणून.

अंगणवेल

दिवेलागण काका, कोनाडा, मनापासून आभार. कलम काढून वाचलं. तुम्ही म्हणता तसंच आहे. प्रेसिडेंट बाईंना आजच ईमेल पाठवला, त्यांनाही हे माहीत नव्हतं. मॅनेजमेंट कंपनीने तरी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. त्यासाठीच तर आपण त्यांना पैसे देतो.

पण एक गोष्ट अजून पटत नाही. कमिटीवर आता जे दोघं उरलेत ते भले आहेत, पण त्यांना नकाशा वाचता येत नाही. तो उताराचा बाण पुढच्या अर्जातही कुणी शोधणार नाही. शेजारच्या बाईंच्या घराची भेग आज दिसतेय, उद्या तिसऱ्या घराला पडेल. नियम पाळून आपण सगळे प्रामाणिक राहिलो, पण पाणी कायद्याला विचारून वाहत नाही. मग माझ्या शिकण्याचा उपयोग मी करायचा तरी कुठे?

आणि दुसरं. नवरा ट्रेझरर आहे म्हणजे घरात बोर्डाचा विषय निघतोच. कोण ड्यूज (असोसिएशनची वर्गणी) भरत नाही, कुणावर लीन (थकबाकीसाठी घरावर बोजा) लावायचा विचार चाललाय, हे मला ऐकू येतं. हे चालतं का?

सोनटक्का

दुसऱ्या प्रश्नाचं आधी बोलते, कारण आमच्या कॅलिफोर्नियात हा विषय फार काटेकोर आहे.

कोण ड्यूज थकवतंय, कुणावर कारवाई होणार, कुठला खटला चालू आहे, वकील काय म्हणाले, या गोष्टी बोर्ड बंद दारामागे, एक्झिक्युटिव्ह सेशनमध्ये बोलतं. दार बंद असतं ते त्या माणसाची अब्रू राखायला. ते जेवणाच्या टेबलावर उघडलं तर बंद करून उपयोग काय? वकिलाच्या सल्ल्याचं तर आणखी नाजूक आहे. असोसिएशनचा वकील बोर्डाला जे सांगतो त्याला गोपनीयतेचं संरक्षण असतं, आणि ते बाहेरच्या व्यक्तीला कळलं तर ते संरक्षण गमावण्याची भीती असते. त्या अर्थाने तुम्ही बाहेरच्या व्यक्ती आहात. तुमचे यजमान लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत बसले आणि त्यांनी एचओएसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवला, तर दोघांचीही सुटका होईल. आमच्या घरी मी बोर्डावर आहे आणि नवरा नाही. शेजारच्या माणसाची थकबाकी माझ्या नवऱ्याला माहीत नाही, म्हणून तो त्याच्याशी नेहमीसारखा मोकळेपणाने गप्पा मारतो. मला ते बघून बरं वाटतं.

नवरा-बायको दोघं बोर्डावर असले तर काय होतं याचं आमच्याकडचं उदाहरण घ्या. इथल्या कायद्यात बोर्ड मीटिंग म्हणजे काय, तर कोरम भरेल इतके डायरेक्टर एका वेळी एका ठिकाणी जमून बोर्डाच्या विषयावर बोलले की ती मीटिंग. छोट्या असोसिएशनला तीनच डायरेक्टर असतात, कोरम दोनाचा. आता त्यातले दोन नवरा-बायको धरा. रात्री भांडी घासताना ते म्हणाले, "त्या पूलच्या कंत्राटदाराला बदलूया का?" झाली मीटिंग. आणि मीटिंगला सभासदांना आधी नोटीस द्यावी लागते, अजेंडा द्यावा लागतो, बसून ऐकायचा त्यांना हक्क आहे. कुठलं जोडपं असं जगू शकेल? म्हणून सिव्हिल कोड ५१०५ मध्ये २०२० पासून अशी सोय आहे की असोसिएशन आपल्या बायलॉजमध्ये किंवा निवडणूक नियमांत लिहू शकते, एकाच घराचे दोन सहमालक एकाच वेळी बोर्डावर नकोत. टेक्साससारखी सक्ती नाही, असोसिएशनच्या मर्जीवर आहे. आमच्या असोसिएशनने तसं लिहून घेतलं.

निवडणुकीत मतं मोजणारी व्यक्तीही आमच्याकडे डायरेक्टरची किंवा उमेदवाराची नातेवाईक चालत नाही. तुम्ही पुढच्या वर्षी उभ्या राहणार असाल तर टेक्सासमध्येही हे बघून ठेवा.

दिवेलागण

सोनटक्का यांनी मतमोजणीचा विषय काढला ते बरं झालं. टेक्सासमध्येही उमेदवार आणि त्याचे तिसऱ्या पायरीपर्यंतचे नातेवाईक मतपत्रिका मोजू शकत नाहीत, त्यात जोडीदार आलाच. तुम्ही उभ्या राहिलात तर तुमचे यजमान ट्रेझरर असोत वा नसोत, मतपत्रिकांना त्यांनी हात लावायचा नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, पाण्याच्या. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो आणि तुम्ही तो सोडू नये.

कमिटीवर बसलेला माणूस एकेक अर्ज बघतो. त्याच्या वर असते ती नियमावली, ज्यात लिहिलेलं असतं की अर्जासोबत काय काय जोडायचं. ती नियमावली बोर्ड मंजूर करतं, आणि तिचा मसुदा कुणीही रहिवासी लिहून देऊ शकतो. माझ्या बायकोने कमिटी सोडल्यावर हेच केलं. अर्जाच्या फॉर्ममध्ये तिने एक पान वाढवलं. घराची बाह्यरेषा आधीच छापलेली, मालकाने फक्त पाण्याची दिशा बाणांनी दाखवायची, नवं काँक्रीट आडव्या रेघांनी भरायचं आणि कुंपणापासूनचं अंतर लिहायचं. खाली एक ओळ: "हे पान कोरं असल्यास अर्ज अपूर्ण समजला जाईल." बस. त्यानंतर कमिटीवर कोण आहे याने फारसा फरक पडेनासा झाला. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही पान कोरं आहे की भरलेलं हे दिसतं. तुम्ही एक सभासद म्हणून हा मसुदा बोर्डाला पाठवा, खुल्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यायला सांगा. तुमच्या यजमानांनी तो मांडू नये, दुसऱ्या कुणीतरी मांडावा, आणि त्यांनी मतदानालाही बाजूला राहिलेलं चांगलं. कायदा ते मागतो म्हणून नव्हे, पण परवाच्या मीटिंगनंतर लोक बघणार आहेत. नियमित बोर्ड मीटिंगची नोटीस निदान १४४ तास आधी सभासदांना जायला हवी, खास मीटिंगची ७२ तास. तेवढ्या वेळात लोक तुमचं पान वाचून येतील.

रिकाम्या जागेसाठी बोर्डाने सगळ्या घरांना ईमेल टाकावा. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त लोक तयार होतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आमच्याकडे एक रिटायर्ड सर्व्हेयर बाई निघाल्या, त्या राहतात तिथे बरीच वर्षं होत्या आणि कुणालाच माहीत नव्हतं. ईमेलनंतरही कुणीच पुढे आलं नाही, तर मात्र स्वतः अर्थ लावू नका, असोसिएशनच्या वकिलाकडून कलमाचा आजचा मजकूर बघून घ्या. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षांत बसतं आणि चॅप्टर २०९ ला दर वेळी थोडाफार हात लागतोच.

त्या गृहस्थांनाही कुणीतरी विचारावं. मी असतो तर त्यांनाच आधी विचारलं असतं. मीटिंगमध्ये उभं राहून दाद कुठे मागायची हे विचारणारा माणूस दुसऱ्याचा अर्ज नीट वाचेल, अशी माझी समजूत आहे.

आणखी एक. दोनशे घरांत तुमच्या घराला मत एकच आहे. पाचजणांच्या बोर्डावर एका घराच्या दोन खुर्च्या झाल्या तर त्या एका मताला बोर्डात दोन हात मिळतात. हे गणित सांगितलं की माझ्या बायकोचा राग निवळला होता. तुमचाही निवळेल की नाही माहीत नाही, पण सांगून बघतो.

अंगणवेल

हे गणित मी असं कधी मांडलंच नव्हतं. पानाची कल्पना फारच आवडली, आज रात्रीच कच्चं काढते. नवऱ्याला सोनटक्कांचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने काही न बोलता लॅपटॉप उचलला आणि वरच्या खोलीत गेला. नवा ईमेल पत्ता काढलाय.

एक शेवटची शंका. पलीकडच्या घरातल्या मुलाला मी पर्गोलाचं स्केच काढून दिलं होतं, तो अर्ज अजून कमिटीकडे आहे. रेघांच्या वहीच्या कागदावर त्याने मापं लिहून आणली होती, रंगाचा नमुना टेपने चिकटवलेला, मी फक्त एलिव्हेशन (समोरून दिसणारं चित्र) आणि छपराची रेषा काढली. कमिटीवर मी नाही हे आता ठरलं, पण ही मदतही बंद करायची का? त्याच्याकडे आर्किटेक्टला द्यायला पैसे नाहीत.

दिवेलागण

मुळीच बंद करू नका. कमिटीवर नाही म्हणूनच तुम्ही आता हे मोकळेपणाने करू शकता. पैसे घेऊ नका, स्केचच्या कोपऱ्यात तुमचं नाव आणि तारीख घाला म्हणजे काही लपलेलं राहणार नाही, आणि त्याला "पास होईल" असं मात्र चुकूनही म्हणू नका. तुमच्या तोंडून ते ट्रेझररचं आश्वासन वाटेल.

कमिटीने नाकारलं आणि त्याने सुनावणी मागितली, तर बोर्डाने मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती घ्यायची असते आणि त्याला निदान १० दिवस आधी कळवायचं असतं. सुनावणीत मालकाला आपल्या वतीने प्रतिनिधी नेता येतो. तो मुलगा म्हणाला तर तुम्हीच जा आणि छपराची रेषा समजावून सांगा. फक्त त्या दिवशी तुमच्या यजमानांनी विषय निघण्याआधी कारण सांगून खोलीबाहेर जायचं आणि मिनिट्समध्ये ते लिहून घ्यायचं. पर्गोलाचे खांब स्वेलमध्ये तर येत नाहीत ना, तेवढं आधी बघून घ्या.